जाताना आडव्या, येताना उभ्या

शेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. त्याआधी बावीस वर्षं धारवाडच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत होतो. दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य मी इतक्या वह्यांत तपासला होता, की खरा सूर्य तिथून उगवला नाही तर त्याचेच गुण कापावेत असं वाटायला लागलं होतं. अभ्यासरजा मिळू शकते असं कळल्यावर मी दृश्यकलेच्या पदव्युत्तर वर्गाचा अर्ज आणला. बायको बँकेत आहे, कुठलाही फॉर्म ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे इथं खुर्चीत बसून जी पुस्तकं वाचता, तीच तिथं बाकावर बसून वाचणार. जा की. हवापालट होईल."

वर्गात आम्ही नऊ जण होतो. बाकीचे आठ मला अंकल म्हणत. आमचे मार्गदर्शक माझ्याहून पाच वर्षांनी लहान, त्यामुळे ते मला सर म्हणत आणि मीही त्यांना सर म्हणे. कोण कोणाला शिकवतंय हे बाहेरून आलेल्या माणसाला कळायला जरा वेळ लागायचा.

सकाळी कलासमीक्षा आणि दुपारी कलोपचार, म्हणजे चित्रांच्या मदतीनं माणसाला बरं वाटायला लावण्याचं शास्त्र. सकाळी चित्राबद्दल बोलायला शिकवत, दुपारी गप्प बसायला. समीक्षेच्या तासाला भिंतीवर एखादं चित्र पडायचं, आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला कशाचं तरी प्रतीक व्हावंच लागायचं. ठिपका नुसता ठिपका राहिला तर गुण कमी. कलोपचाराला बेंगळूरहून महिन्यातून दोनदा एक बाई येत. त्या सांगत, "अर्थ तुम्ही लावायचा नाही. समोरच्याला विचारायचं, हे काय आहे ते मला सांगाल का? आणि मग थांबायचं." सोपं वाटलं, म्हणून मी ते वहीत लिहून घेतलं. सकाळचं अवघड होतं, म्हणून ते अंगात मुरलं.

पहिल्या वर्षी मी कसुतीवर तीस पानांचा निबंध लिहिला. कसुती म्हणजे आमच्याकडचं भरतकाम. इरकली साडीवर छाप न मारता, नुसते कापडाचे धागे मोजून घातलेली गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावनं. गाठ मारायची नाही, आणि उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसायला हवी. हे सगळं मी पुस्तकांतून आणि दोन संग्रहालयांच्या काचेबाहेर उभा राहून गोळा केलं होतं. नुसत्या समरूपतेवर सात पानं होती. सुई हातात धरलेली बाई मात्र तीस पानांत कुठंच नव्हती. ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि परीक्षकांच्याही आलं नाही. निबंध वर्गात पहिला आला.

दुसऱ्या वर्षी बारा आठवड्यांचं प्रात्यक्षिक होतं. हुबळीला देशपांडे नगरात एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र चालवलं होतं. सकाळी दहाला सोडायचं, चारला न्यायचं. दर गुरुवारी मी धारवाडहून बसनं तिथं जायचो. प्रात्यक्षिकाचा एक नियम होता. त्या दिवशीचा कागद त्याच दिवशी गोळा करायचा, मागे तारीख घालायची आणि फायलीत लावायचा. पुढच्या वेळी नवा कागद. "कागद हा पुरावा आहे," असं आमचे मार्गदर्शक सांगत. "आजचा कागद आजचा."

मला ज्या बाईंवर अहवाल लिहायचा होता त्यांना तिथं सगळे अक्का म्हणत. वय पंचाहत्तरच्या आसपास. जुन्या हुबळीत एका बोळाच्या टोकाला दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मुलगा तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याची आता पुण्याला बदली झाली होती. उन्हाळ्यात अक्कांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले, पण त्यानंतर दोनदा त्या गॅसवर दूध ठेवून विसरल्या, आणि दुसऱ्या वेळी धूर बघून शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. मुलाचं म्हणणं, दोन खोल्या सोडायच्या आणि आईनं पुण्याला सातव्या मजल्यावर यायचं. अक्कांचं म्हणणं, नाही. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, त्यात अक्का बरोबर काठावर निघाल्या. पास नाही, नापासही नाही. तेव्हा डॉक्टर मुलाला म्हणाले, "चित्रांतून काय निघतं तेही बघू. हे सर अहवाल देणारच आहेत."

म्हणजे त्या दोन खोल्यांचा निकाल थोडाफार माझ्या फायलीवर अवलंबून होता. हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. त्याचं ओझं वाटायला हवं होतं. मला महत्त्व आल्यासारखं वाटलं.

माहितीचा फॉर्म मुलानं भरला होता. शिक्षण: सातवी. व्यवसाय: गृहिणी.

पहिल्या गुरुवारी मी टेबलावर रंगीत खडू, जलरंग आणि जाड पांढरे कागद मांडले, आणि वर्गात शिकवलेल्या आवाजात म्हणालो, "मनात येईल ते काढा."

अक्कांनी रंगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही शाळेत ड्रॉइंगचे मास्तर ना?"

"हो."

"मुलांना पण असंच सांगता? मनात येईल ते काढा?"

"नाही. मुलांना डोंगर सांगतो."

"मग? ते बरं असतंय."

टेबलाच्या कडेला डॉक्टरांचे रक्तदाबाचे तक्ते करायचे कागद पडले होते, बारीक चौकटींचे. अक्कांनी त्यातला एक ओढून घेतला, माझ्या खिशातलं काळं पेन मागितलं आणि चष्मा सारखा करून कामाला लागल्या. एका घराएवढी, म्हणजे एका चौकटीएवढी, आडवी रेघ. मग एक घर वर सरकून, पुढच्या घरावर दुसरी आडवी रेघ. मग तिसरी. रेघा उजवीकडे वर चढत गेल्या, मग उतरत गेल्या, पुन्हा चढल्या. मध्ये उभं काही नाही. हवेत तरंगणाऱ्या पायऱ्या, एकीला दुसरीचा आधार नाही. हात थोडा थरथरत होता, पण पेन टेकलं की रेघ सरळ येत होती. ओठ सारखे हलत होते.

तिथला एक तास म्हणजे चाळीस मिनिटं. आधी प्रार्थना, मग हजेरी, मधे चहा. बेल झाली तेव्हा अक्का कागदाच्या उजव्या कडेला पोचल्या होत्या. मी कागदाला हात लावला. त्यांनी वरचं बोट काढलं नाही.

"कागद नेणार?"

"हो, अक्का. सांभाळून ठेवतो. फायलीत."

"फायलीत," त्या म्हणाल्या, आणि बोट काढलं.

त्या संध्याकाळी मी चार नोंदी केल्या. पांढरा कागद नाकारून चौकटींचा कागद घेणं: मोकळ्या जागेची भीती. आडव्या सुट्या रेघा: अनुभवाचा तुटलेपणा. ओठांची हालचाल: स्वतःशी पुटपुटणं. कागद सोडायची अनिच्छा: वियोगाची चिंता. नोंदी वाचून मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. त्यांत अक्का कुठं होत्या हे शोधायला मात्र भिंग लागलं असतं.

पुढचे दहा आठवडे हेच झालं. मी नवा कागद द्यायचो, तोही आता चौकटींचाच, कारण डॉक्टरांनी एक आख्खा गठ्ठा देऊन टाकला होता. अक्का डावीकडून निघायच्या, बेल होईपर्यंत उजवीकडे पोचायच्या. कधी पायऱ्या उंच, कधी बुटक्या, कधी मधे एखादा तुऱ्यासारखा गुंता. बेल झाली की त्या विचारायच्या, "हा पण नेणार?" मी म्हणायचो, "हो." चौथ्या आठवड्यात मी विचारलं, "अक्का, हे करताना कसं वाटतं?" त्या म्हणाल्या, "बरं वाटतं. पाठ दुखते." मी लिहिलं की वेदना आणि समाधान यांचं इथं सहअस्तित्व दिसतं.

हे काय आहे, असं मात्र मी एकदाही विचारलं नाही. मला ते माहीतच होतं.

आठव्या आठवड्यात आमच्या विभागात राष्ट्रीय पातळीचं चर्चासत्र झालं. राष्ट्रीय यासाठी, की एक वक्ते गोव्याहून आले होते. समई पाच वातींची आणि लावणारे पाच पाहुणे, पण वरचा पंखा बंद करायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, त्यामुळे दीपप्रज्वलन तीन वेळा झालं आणि तिन्ही वेळा त्याचे फोटो काढले गेले. मग स्वागतगीत, शाल, फळांची करंडी. मुख्य पाहुण्यांनी आपण चित्रकलेच्या बाबतीत अज्ञ आहोत असं सांगून सुरुवात केली आणि पुढची चाळीस मिनिटं ते विधान सिद्ध केलं. माझा निबंध जेवणानंतर होता. शीर्षक: 'आधाराविना पायऱ्या: वार्धक्यातील भग्न रेषा'. पडद्यावर अक्कांचे कागद भिंतीएवढे दिसले. संमतीच्या फॉर्मवर अक्कांची सही होती, ती मी घेतली होती. फॉर्म कशाचा आहे हे सांगितलं होतं का, ते आता आठवत नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्या बऱ्याच वाजल्या, मलाही शाल मिळाली.

घरी बायकोनं शाल कपाटात ठेवली. "सात झाल्या. थंडी इथं महिनाभर." मग माझा निबंध चाळत म्हणाली, "त्या बाईंना विचारलंत का, हे काय काढलंय म्हणून?"

"कलोपचारात असं थेट विचारायचं नसतं."

"बरं."

मी खोटं बोललो नव्हतो. तोपर्यंत आपल्याला असंच शिकवलंय अशी माझी खात्री झालेली होती.

बाराव्या गुरुवारी मुलगा अहवाल ऐकायला आला. पहिली पाळी संपवून थेट तारिहाळहून आला होता, नखांत काळं ग्रीस होतं. पुण्याच्या घराचं नक्की करायचं होतं, आणि इकडच्या घरमालकांना महिन्याची आगाऊ सूचना द्यायची होती. मी लांब टेबलावर अकरा कागद ओळीनं मांडले. अक्का मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना उभे राहून त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

मुलानं कागद बराच वेळ बघितले. "सर, आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे मागची कड. असते, पण पुढून दिसत नाही."

हे वाक्य मला अहवालासाठी इतकं आवडलं की मी ते लगेच टिपून घेतलं. त्यानं ते देखणं वाक्य म्हणून म्हटलं नव्हतं.

"पण मला हे फार काही कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. आई एकटी राहू शकेल की नाही?"

"कसं आहे, रेषेत सलगपणा नाही. अकरा आठवडे तोच आकृतिबंध येतोय, पण पूर्णत्वाला जात नाही. एक प्रकारचं तुटलेपण..."

"म्हणजे नाही."

"तसं थेट म्हणता येणार नाही."

"पण नाही."

मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मुलाला आनंद झाला नव्हता, तो खाली फरशीकडे बघत होता. "ठीक आहे. मग मालकांना आजच सांगून टाकतो. आई, ऐकलंस ना?"

अक्कांनी ऐकलं होतं की नाही कोण जाणे. त्यांनी पहिला कागद स्वतःकडे ओढला होता, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला होता. "पेन द्या."

मी पेन दिलं. त्यांनी डावीकडून सुरुवात केली नाही. उजव्या कडेला, जिथं पहिल्या गुरुवारी बेल झाली होती, तिथंच पेन टेकवलं आणि एक उभी रेघ काढली, एका घराएवढी. शेवटची पायरी तिच्या शेजारणीला जोडली गेली. मग दुसरी उभी रेघ. अक्का मागे मागे येत होत्या, ओठ हलत होते, आणि हवेत तरंगणाऱ्या पायऱ्या एकेक करून जमिनीवर उभ्या राहत होत्या. मुलगा अजून घरमालकांबद्दल काही सांगत होता, तो मधेच थांबला. मी आधीच थांबलो होतो. अक्का डाव्या कडेला पोचल्या तेव्हा कागदावर दोन गोपुरं होती, वर कळसासकट. माझ्या कसुतीवरच्या निबंधात अशाच गोपुरांचं चित्र बाराव्या पानावर होतं.

"अक्का," मी म्हणालो, "हे काय आहे ते मला सांगाल का?"

"गोपुर की. दुसरं काय?"

"मग आधी ते..."

"आधी जातात, मग येतात," अक्का म्हणाल्या. समोर मास्तर आहे म्हणून त्या जरा सावकाश बोलत होत्या. "जाताना आडव्या घालायच्या, येताना उभ्या. एकदमच दोन्ही घातलं तर मागच्या बाजूनं घाण दिसतंय. आणि निघाली तिथंच सुई परत आली पाहिजे."

"मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही कागद नेत होता ना प्रत्येक वेळी. मला वाटलं, येतानाचं तुम्ही घरी करत असाल."

अक्कांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी आणखी सांगितलं. त्यांच्या घरी अशीच वाटणी होती. त्या जायच्या आणि जाऊ परत यायची, जावेचा हात परतीला चांगला. दुकानदार साड्या आणून टाकायचा. एकीनं पदराचं एक टोक गाठायचं, संध्याकाळी पदर दुसरीच्या मांडीवर द्यायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. डोळे अधू झाले, सुईत दोरा ओवेना, तेव्हा सुटलं. "म्हटलं इथं पण तसंच असेल. मी जायचं, मास्तरांनी यायचं. अकरा कागद पाठवले, एक पण परत येईना. म्हटलं, मास्तर जरा सावकाश आहेत."

मुलगा खुर्ची ओढून बसला. "आई, तू साड्यांवर करत बसायचीस ते हे?"

"मग तुझं इंजिनिअरिंग कशावर झालं?"

"मला वाटायचं, घरात बसून काहीतरी शिवते."

"काहीतरीच शिवत होते. फॉर्म तूच भरलास ना?"

फॉर्मवर काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनी वाचला होता. सातवी शिकलेल्या बाईला टेबलावर उघडा पडलेला कागद वाचता येतो, हेही माझ्या नोंदींत नव्हतं.

त्यांनी दुसरा कागद पूर्ण केला. तिसऱ्यावर अर्ध्यात आल्या आणि थांबल्या. पेनाच्या टोकानं घरं मोजली, पुन्हा मोजली.

"हा येत नाही."

"म्हणजे?"

"एक घर चुकलंय. इथं बघा, हे दोन घर झालंय. त्या दिवशी मधेच चहा आला. पाऊस पण होता." मग मुलाकडे वळून, "आणि तू न्यायला आला नाहीस साडेपाचपर्यंत. मी तिथं दारात बसले होते."

मुलानं कागद उलटून तारीख बघितली. म्हणाला, "हो. त्या दिवशी गाडी पंक्चर होती."

"आता काय करायचं याचं?" मी विचारलं.

"कापड असतं तर उसवलं असतं. कागद कसा उसवणार?" त्यांनी तो बाजूला ठेवला आणि चौथा ओढला.

बेल झाली. अक्कांनी सवयीनं बोट काढायला सुरुवात केली. मी अकराच्या अकरा कागद गोळा केले, फायलीत घातले, आणि नियम मोडून फाईल त्यांच्या हातात दिली. "हे घरी न्या. येतानाचं तुम्हीच करा. माझा हात चांगला नाही."

"ते दिसलंच," अक्का म्हणाल्या.

हे सगळं इथंच संपवलं तर गोष्ट जास्त गोड होईल, पण खरं ते सांगायला हवं. बाहेर पडताना अक्कांनी मला दोनदा विचारलं, आज वार कुठला. दोन्ही वेळा मी गुरुवार म्हणालो, आणि दोन्ही वेळा त्या "हो का" म्हणाल्या. मुलानंही ते ऐकलं.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती उठली, कपाटातल्या सात शालींच्या खालून आपल्या आईचा एक इरकली खण काढून आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. कोपऱ्यात एक तुळशीवृंदावन पूर्ण होतं. त्याच्या शेजारी हवेत तरंगणाऱ्या आडव्या पायऱ्या होत्या, तिथं काम राहून गेलं होतं.

"विचारलं असतंत तर दाखवलं असतं."

"तुला येतं हे?"

"नाही. पण येत नाही हे मला माहीत आहे."

मार्गदर्शकांना मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांचं दुखणं एवढंच होतं की चर्चासत्राचं पुस्तक छापायला गेलं होतं आणि माझा निबंध त्यात पहिला होता. "पण सर," ते म्हणाले, "भग्न रेषेचं वाचन चुकीचंच आहे असं कसं म्हणता येईल? कर्त्याचा हेतू हा काही शेवटचा शब्द नसतो."

"सर, त्या वाचनावर एका बाईचं घर जाणार होतं."

"मग परिशिष्टात एक टीप टाकू."

पुस्तकात टीप आली. बारीक अक्षरात आहे, पण आहे. अहवाल मात्र मी नव्यानं लिहिला. डाव्या बाजूला माझ्या चार नोंदी तशाच ठेवल्या, उजवीकडे त्या खरोखर काय होत्या ते लिहिलं. चौकटींचा कागद: धाग्यांऐवजी मोजायला. सुट्या रेघा: जाण्याचा फेरा. ओठांची हालचाल: मोजणं. कागद न सोडणं: काम अर्धं असताना दुसऱ्यानं उचललं म्हणून. फॉर्मवरचं 'गृहिणी' मुलानं स्वतः खोडलं आणि 'कसुती, चाळीस वर्षं' असं लिहून शेजारी सही केली, कारखान्यात ड्रॉइंगमधली दुरुस्ती करतात तशी. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की या कागदांवरून त्या एकट्या राहू शकतील किंवा नाही यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि मी ठरवायला गेलो ही माझी चूक. डॉक्टर ते वाचून म्हणाले, "बरोबर आहे. हाताला आठवतंय म्हणून दुधाला आठवेल असं नाही. दुधाचं वेगळं बघायला हवं."

दुधाचं मुलानं बघितलं. पुढच्या रविवारी मी फाईल आणायला जुन्या हुबळीत गेलो, तेव्हा तो ओट्याखाली वाकून गॅसची नळी काढत होता. ओट्यावर विजेची शेगडी आली होती, लावलेली वेळ झाली की वाजून आपोआप बंद होणारी. एक किल्ली शेजारी दिली होती, आणि सकाळ-संध्याकाळ फोन करायचं ठरलं होतं. पुण्याला तो, त्याची बायको आणि मुलं जाणार होती. खोल्या दिवाळीपर्यंत ठेवायच्या, मग पुन्हा बघायचं.

"दिवाळीपर्यंत म्हणे," अक्का मला म्हणाल्या. "कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही."

"आई, मी इथंच आहे," ओट्याखालून आवाज आला.

"म्हणूनच म्हटलं."

त्यांनी फाईल काढली. नऊ कागद पूर्ण झाले होते. गोपुरं, दोन रथ, एक वृंदावन, आणि ज्याला मी सहाव्या आठवड्यात मनातला गुंता म्हटलं होतं तो मोर. तिसरा आणि सातवा तसाच होता, अर्धा आलेला आणि थांबलेला. सातव्यात काय चुकलं ते त्यांना आठवत नव्हतं. कुठं चुकलं ते दाखवलं, का चुकलं ते सांगता येईना, आणि ते सांगता येत नाही याचं त्यांना वाईट वाटलं. तेवढ्या एका क्षणाला त्या मला म्हाताऱ्या वाटल्या.

"आता हे नऊ मी ठेवते," त्या म्हणाल्या. "हे दोन तुम्ही न्या. तुमच्या फायलीला काहीतरी पाहिजे ना."

"अक्का, हे चुकलेले आहेत."

"म्हणून तर देते. चांगलं काम कोण फायलीत घालतं?"

ते दोन कागद विभागाच्या फायलीत आहेत, मागे तारखा घातलेल्या. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना फाईलमध्ये तेच सगळ्यात आवडले. अर्ध्यावर थांबलेल्या रेषेत त्यांना बरंच काही दिसलं, आणि त्यांनी ते दहा मिनिटं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तुमचं याबद्दल काय म्हणणं आहे. मी म्हणालो, एक घर मोजायला चुकलंय. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला दुसरा वर्ग मिळाला.

दिवाळी होऊन गेली. अक्का जुन्या हुबळीतच आहेत. शेगडी आपोआप बंद होते याचा त्यांना राग आहे. ती वाजायच्या आधीच त्या उठून बटण दाबतात, आणि संध्याकाळच्या फोनवर मुलाला आज किती वेळा जिंकल्या ते सांगतात. कधी कधी हरतात. तेही सांगतात, असं मुलगा म्हणतो.